पाण्यात पडायचे कुणी?

पाण्यात पडले की पोहता येते, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलो. या बोलण्यात आळशाला टोमणा आहे, भित्र्याला धक्का आहे आणि थोडाफार अनुभवही आहे. फक्त एक माणूस त्यातून गाळलेला आहे. पाण्यात पडायलासुद्धा ज्याला कुणाची तरी परवानगी लागते, त्याचे काय करायचे याबद्दल ही म्हण काही बोलत नाही.

हे आठवायचे कारण असे. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर खडकात कोरलेले, भरतीच्या पाण्याने आपोआप भरणारे सार्वजनिक तलाव असतात. एकट्या न्यू साउथ वेल्स प्रांतात असे सुमारे शंभर तलाव आहेत. त्यांची चित्रे पाहून आपल्याकडे ठरलेली वाक्ये ऐकू येतात. कुणी म्हणतो, त्यांना किनाराच तसा लाभला. कुणी म्हणतो, आपल्या लोकांत पोहण्याची संस्कृतीच नाही. आणि ज्याला सगळ्यातून धंदा सुचतो तो म्हणतो, कोकणात असे तलाव करा, पर्यटक येतील.

ही तिन्ही मते मला उथळ वाटतात. खडक आणि समुद्र मिळून तलाव होत नाही. एखादा समाज ‘सार्वजनिक’ या शब्दाचा काय अर्थ लावतो, त्यावर तलाव होणार की नाही हे ठरते. महाराष्ट्राकडे खडक होता, समुद्र होता, भरती अडवण्याची विद्या होती, नगरपालिका होत्या, पोहणारेही होते. सगळ्यांनी एकाच पाण्यात उतरायचे, एवढी तयारी मात्र नव्हती. समुद्रापासून शंभरेक किलोमीटर आत, रहिमतपुरासारख्या सातारा जिल्ह्यातल्या गावाकडे बघून हा विषय जास्त स्पष्ट दिसतो, असेही माझे म्हणणे आहे.

१. खडकाचा मुद्दा

सिडनीचा खडक वालुकाश्म. तो थरांनी फुटतो, लाटांनी झिजून त्याचे सपाट ओटे तयार होतात, आणि त्या ओट्यावर दोन-तीन बाजूंनी भिंत घातली की तलाव झाला. आपल्याकडे बेसॉल्ट, म्हणजे काळा पाषाण. तो कठीण हे खरे. पण ज्या समाजाने याच पाषाणात वेरूळचे कैलास लेणे वरून खाली कोरत आणले, त्याने खडक कठीण होता म्हणून चार फूट भिंत घातली नाही, हे कारण सांगू नये.

मुंबईच्या किनाऱ्यावरचा आणि रहिमतपूरच्या विहिरीतला खडक मुळात एकाच घराण्यातला आहे. दोन्ही दख्खनच्या लाव्ह्याचे. कमंडलू नदीकाठच्या या गावात विहीर खणताना माती संपली, मुरूम संपला की सुरुंग लावून जो दगड फोडावा लागतो, तोच दगड पश्चिमेला समुद्राच्या लाटा खातो. विहीर झऱ्यांनी भरते, खडकातला तलाव भरतीने भरतो. दोन्हींत पाणी आपले आपण येते. माणसाने करायचे ते एवढेच, की खड्डा नीट राखायचा आणि आत कोण उतरणार हे ठरवायचे. या दुसऱ्या कामापाशीच आपले अडले.

२. भरतीचा आक्षेप

हा आक्षेप जास्त जाणता आहे. सिडनीला भरती-ओहोटीतला फरक फार तर दोन मीटर. मुंबईला उधाणाच्या दिवशी तो पाच मीटरच्या आसपास जातो. शिवाय आपले पाणी गढूळ आणि चार महिने पावसाळा. मग असा तलाव इथे टिकेल कसा?

त्याचे उत्तर इंग्लिश खाडीत उभे आहे. जर्सी बेटावर भरती-ओहोटीतला फरक बारा मीटरपर्यंत जातो. तिथे आव्र दे पा या ठिकाणी भरतीने भरणारा तलाव १८९५ सालापासून आहे. समोर फ्रान्सच्या सँ-मालो गावात अशाच प्रचंड भरतीच्या किनाऱ्यावर १९३७ मध्ये बाँ-सकूरचा तलाव झाला. उलट फरक मोठा असला की तलावाची गरजच वाढते, कारण ओहोटीला समुद्र इतका मागे जातो की पोहायला पाणी उरत नाही. गढूळपणाचे म्हणाल, तर ब्रिस्टल खाडीइतके गाळाचे पाणी क्वचित कुठे असेल. तिथल्या क्लीव्हडनमध्ये १९२९ पासून तलाव आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला समुद्र भिंतीवरून आत येतो, मग भिंतीच्या आतले पाणी निवळते, गाळ तळाशी बसतो, तो अधूनमधून काढावा लागतो. काढणारे काढतात. पावसाळ्यात तलाव बंद ठेवावा लागेल, हे कबूल. आपल्या होड्याही पावसाळ्यात किनाऱ्यावर ओढून झाकून ठेवतात. म्हणून कुणी मासेमारी अशक्य म्हणत नाही.

३. भिंत आणि उघाडी

तंत्र परके होते, असेही म्हणता येत नाही. भरती अडवणे, हवे तेवढेच पाणी आत घेणे, नको ते ओहोटीला बाहेर सोडणे हे कोकणातल्या शेतकऱ्याला शतकानुशतके येते. पेण-अलिबागकडच्या खारजमिनी त्यावरच उभ्या राहिल्या. माती-दगडाचा बांध घालायचा आणि त्यात उघाडी ठेवायची. समुद्राचे पाणी चढले की उघाडीचे दार आपोआप दाबून मिटते. ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडते. हे बांध सांभाळण्यासाठी शिलोत्री ही स्वतंत्र व्यवस्था होती. मिठागरे याच्या नेमकी उलट चालतात. तिथे भरतीचे पाणी मुद्दाम आत घेऊन कोंडतात.

भातासाठी समुद्र बाहेर ठेवायची भिंत आम्ही बांधली. मिठासाठी तो आत कोंडायची भिंतही बांधली. पोहणाऱ्या माणसासाठी तिसरी भिंत बांधणे हे त्याहून सोपे काम. ते सुचले नाही, असे मला वाटत नाही. भातखाचर कुणाचे हे ठरलेले असते, मिठागर कुणाचे हेही ठरलेले असते. तलाव सगळ्यांचा करायचा म्हटला की ‘सगळे’ म्हणजे कोण, हे ठरवावे लागते, आणि ते ठरवण्याचे धैर्य बांधकामाच्या अंदाजपत्रकात बसत नाही.

४. खासगी खड्डा सार्वजनिक कसा होतो

ऑस्ट्रेलियाचे तलाव तरी जन्मतः सार्वजनिक होते का? अजिबात नाही, आणि खरा धडा त्यातच आहे. न्यूकॅसल इथला ‘बोगी होल’ हा त्यातला अगदी जुना. १८१९ च्या सुमारास तिथला लष्करी अंमलदार मेजर जेम्स मॉरिसेट याने स्वतःच्या आंघोळीसाठी तो कैद्यांकडून हाताने कोरून घेतला. ‘बोगी’ हा आंघोळीसाठीचा शब्द तिथल्या मूळ रहिवाशांचा, मेहनत बेड्या घातलेल्या माणसांची आणि डुंबणारा साहेब. पुढे १८६३ मध्ये तो खड्डा नगरपालिकेच्या ताब्यात आला, आणि साहेबाचा हौद गावाचा झाला. या एका हस्तांतरात सबंध विषयाचे सार आहे. खडक तोच, पाणी तेच. बदलला तो मालक आणि त्याबरोबर नियम.

नियमही एका दिवसात माणसाळले नाहीत. १८३० च्या दशकापासून तिथे दिवसाउजेडी उघड्या समुद्रात अंघोळ करायला कायद्याने बंदी होती. लाज हे कारण. १९०२ मध्ये मॅनली गावच्या एका वृत्तपत्रवाल्याने, विल्यम गोचर याने, भरदुपारी पाण्यात उतरून ती बंदी जाहीरपणे मोडली आणि नंतर ती सैल झाली. आर्थिक मंदीच्या १९३० च्या दशकात बेकारांना काम द्यायचे म्हणून तिथल्या नगरपालिकांनी बरेच तलाव बांधले आणि वाढवले. म्हणजे हे तलाव सुबत्तेची चैन नव्हेत. त्यातले पुष्कळसे हलाखीच्या दिवसांतले आहेत.

इथे कुणी म्हणेल, गोऱ्यांच्या देशाचे कौतुक पुरे. तिथेही भेद होताच. होता, आणि तो लपवायचे कारण नाही. मोरी या आतल्या गावात नगरपालिकेच्या तलावात मूळ रहिवाशांच्या मुलांना मज्जाव होता. १९६५ मध्ये चार्ल्स पर्किन्स आणि त्याच्यासोबतचे विद्यार्थी त्या मुलांना घेऊन तलावाच्या दारात उभे राहिले, मार खाल्ला, आणि प्रश्न देशापुढे आला. दक्षिण आफ्रिकेने तर १९५३ च्या कायद्याने किनारा आणि तलाव वर्णानुसार वाटूनच टाकले. हे सगळे दाखले माझ्या म्हणण्याला बळच देतात. ज्या ज्या ठिकाणी पाणी सार्वजनिक झाले, तिथे ते आधी कुणीतरी दारात उभे राहून मागितलेले आहे.

५. मुंबईतली कुंपणे

आता आपल्याकडे वळू. मुंबईच्या ब्रीच कँडीला, समुद्राच्या खडकांना खेटून, तरणतलाव झाला. पण तो युरोपियनांसाठी, आणि स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे हा नियम रेंगाळला. तिथल्या मोठ्या तलावाचा आकार अखंड हिंदुस्थानच्या नकाशासारखा आहे. देशाच्या नकाशात डुंबायचे आणि देशातल्या माणसाला दारात अडवायचे, असा हा प्रकार. सलमान रश्दींना १९८१ च्या ‘मिडनाइट्स चिल्ड्रन’मध्ये त्या तलावाचा मोह आवरला नाही, यात नवल नाही.

साहेबाने दार लावले, तर आपण सर्वांसाठी दार उघडे ठेवून उत्तर द्यायला हवे होते. गिरगाव चौपाटीच्या काठावर जो तलाव झाला त्याच्या नावातच ‘हिंदू’ हा शब्द आहे: प्राणसुखलाल मफतलाल हिंदू स्विमिंग बाथ. एका कुंपणाला उत्तर म्हणून दुसरे कुंपण. देणगीदाराचा पैसा, देणगीदाराची अट, त्यात वावगे काय, असे विचारले जाते. कायद्याच्या दृष्टीने त्याला उत्तर असेल-नसेल. माझा मुद्दा निराळा आहे. समुद्राच्या काठावर पोहण्याची सोय ही धर्मादाय किंवा क्लबाची बाब मानली गेली, आणि तशी ती एकदा मानली की नगरपालिकेच्या डोक्यावरचा भार कायमचा उतरतो.

स्त्रियांसाठीचे कुंपण वेगळे का

इथे एक आक्षेप मी स्वतःच घेतो, कारण तो अवघड आहे. सिडनीतल्या कूजी भागात मॅकायव्हर नावाचा तलाव आहे. १८८६ पासूनचा हा तलाव आजही फक्त स्त्रिया आणि मुलांसाठी आहे, आणि त्यासाठी त्याला १९९५ मध्ये भेदभावविरोधी कायद्यातून रीतसर सूट मिळाली. मग ‘फक्त युरोपियन’ वाईट आणि ‘फक्त स्त्रिया’ चांगले, हा दुटप्पीपणा नव्हे का?

मला तो दुटप्पीपणा वाटत नाही. भिंत कुणी घातली आणि भिंतीबाहेरच्याला दुसरे पाणी आहे की नाही, हे दोन प्रश्न विचारले की फरक कळतो. मॅकायव्हरच्या बाहेर राहिलेल्या पुरुषाला सबंध किनारा मोकळा आहे. ब्रीच कँडीच्या बाहेर राहिलेल्याला त्या शहरात त्या तोडीची दुसरी जागाच नव्हती. जी भिंत आजवर पाण्याबाहेर असलेल्यांना पाण्यात आणते ती आणि जी पाण्याजवळ आलेल्यांना हाकलते ती, अशा या दोन भिंती. दोन्ही दगडाच्याच असल्या, तरी त्यांची मापे एका पट्टीने घेऊ नयेत.

६. महाडचा ठराव

‘सार्वजनिक’ हा शब्द कागदावर आणणे सोपे असते. १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला: सरकारी आणि सार्वजनिक पैशाने चालणारे पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. पाण्याला मात्र त्याची वार्ता लागली नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्यामागून हजारो लोक तळ्यावर गेले, ओंजळभर पाणी प्याले. त्यावर दंगल झाली, आणि पुढे पंचगव्याच्या १०८ घागरी ओतून तळे ‘शुद्ध’ करण्यात आले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला तो १९३७ मध्ये.

या तारखा लागोपाठ मांडून बघाव्यात. १९२९ मध्ये क्लीव्हडनचे लोक गाळाच्या खाडीत सर्वांसाठी भिंत घालत होते, १९३५ मध्ये इंग्लंडच्या टोकाला पेन्झान्सला जुबिली तलाव उघडला जात होता. त्याच काळात कोकणातल्या एका नगरपालिकेच्या तळ्यातून पाणी प्यावे की नाही, यावर आपल्याकडे दहा वर्षे खटला चालू होता. जिथे ओंजळीवर दहा वर्षे गेली, तिथे अख्खे अंग बुडवण्याचा तलाव कुठून होणार? खडकाला, भरतीला आणि ‘संस्कृती’च्या अभावाला दोष देणाऱ्यांनी याचे उत्तर आधी द्यावे.

७. ‘आमच्याकडे तर सगळेच विहिरीत शिकले’

सातारा-सांगलीकडचा वाचक इथे मला थांबवेल. आमच्याकडे तलाव नव्हते, पण सगळी पोरे विहिरीत शिकली, हे काय कमी आहे? कमरेला पांगाऱ्याचा बिंडा किंवा वाळका भोपळा, पुढच्या काळात पत्र्याचा डबा नाहीतर टायरची ट्यूब. काठावरून कुणा काकाने ढकलून द्यायचे, दोन-चार गटांगळ्या, आणि आठवड्यात पोरगा मोटेच्या थारोळ्यावरून मुटके मारू लागतो. सिमेंटच्या तलावात कुणाला असे पोहता येते?

या वर्णनातले खरे मी नाकारत नाही. विहीर हा पठारावरचा खडकातला तलावच, आणि शिकवण्याची ती पद्धत अनेक प्रशिक्षकांपेक्षा स्वस्त आणि जलद होती. खटकतो तो ‘सगळेच’ हा शब्द. विहिरीला मालक असतो, तिच्यात भाऊबंदांचे वाटे असतात, पाण्याच्या पाळ्या असतात. त्यात पोहणारी पोरे म्हणजे मालकाच्या घरची आणि मालकाला चालणारी. कोणत्या वस्तीतले पोर काठावर दिसले की दगड यायचा, हे जुन्या माणसांना विचारावे. आणि ‘सगळ्यां’तून मुली तर सरसकटच वजा. बाईने नदीवर धुणी धुवावीत, घागर भरावी, घाटावर स्नान करावे. सूर मारायचा नाही. पाण्याशी सगळ्यात जास्त तास काढणाऱ्या माणसालाच पोहता येऊ नये, ही व्यवस्था ज्याला संस्कृती वाटते त्याच्याशी माझा वाद नाही. त्याने फक्त ‘सगळेच’ म्हणू नये.

रहिमतपुरात आदिलशाही सरदार रणदुल्लाखानाच्या काळातल्या वास्तू आहेत, आणि त्यांच्याजवळ पाणी उपसण्याचा एक उंच बुरूज आहे. हत्तीच्या बळावर पाणी वर चढवून कारंज्याला द्यायचे, अशी ती योजना. पाण्याला शोभेसाठी उंच चढवण्याइतकी ताकद आणि कल्पकता या गावाने तेव्हा पाहिली. इंग्रजी अमदानीतच इथे नगरपालिका आली. सत्ता होती, यंत्र होते, संस्था होती. पोहायचे मात्र कुणाच्या तरी विहिरीत, कुणाच्या तरी मर्जीने.

आता तीही विहीर गेली. कूपनलिका खोल गेल्या, विहिरींचे झरे आटले. ज्या उरल्या त्यांत कचरा किंवा जाळी. शेततळ्याच्या प्लास्टिकवरून पाय घसरला की पोहणाऱ्यालासुद्धा वर येता येत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार देशात दरवर्षी तीस हजारांहून अधिक माणसे बुडून मरतात. बातमीत त्याला ‘दुर्दैवी’ म्हणतात.

८. ‘आधी प्यायला पाणी’

शेवटचा आक्षेप सर्वांत वजनदार. माण-खटाव, जत, आटपाडी उन्हाने करपत असताना पोहण्याच्या गप्पा कसल्या?

एक तर समुद्राच्या तलावाला गोडे पाणी थेंबभरही लागत नाही. दुसरे, दुष्काळात सार्वजनिक काम काढता येत नाही हे आपल्याच भागाने खोटे ठरवले आहे. वि. स. पागे यांनी रोजगार हमीचा प्रयोग केला तो तासगाव तालुक्यातल्या विसापुरात, १९६५ मध्ये. १९७२ च्या दुष्काळात त्याच कल्पनेवर राज्यभर पाझर तलाव आणि रस्ते झाले. सिडनीकरांनी मंदीत जे केले तेच आपण दुष्काळात केले. फक्त आपल्या कामांच्या यादीत माणसाला पोहायला शिकवणारी एकही पायरी नव्हती.

तिसरे उत्तर जास्त टोचणारे आहे. पिण्याचे पाणी आणि पोहण्याचे पाणी असे दोन प्रश्न आपण वेगळे करतो, पण दोन्हीकडे दार अडवणारा हात एकच होता. १९०१ च्या सुमारास साताऱ्याहून काही मुले वडिलांना भेटायला खटाव तालुक्यातल्या गोरेगावला निघाली. पाडळीला आगगाडीत बसली, मसूरला उतरली. त्यांतला एक भीमराव. पुढे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत त्यांनी तो प्रवास लिहिला: जात कळताच बदललेला स्टेशनमास्तर, दुप्पट भाडे घेऊनही स्वतः गाडी न हाकणारा गाडीवान, पाण्याला नकार, आणि शेवटी जे सापडले ते जनावरांनी घाण केलेले, तोंडात न घालवणारे पाणी. मुलांजवळ जेवणाचा डबा भरलेला होता. पाण्यावाचून तो तसाच राहिला. पाडळी ते मसूर या लोहमार्गाच्या मध्येच रहिमतपूर लागते. पाणी त्या वाटेवर होते. तहान भागली नाही ती पाण्याअभावी नव्हे.

तलाव करायचाच असेल तर

कोकणात पर्यटनासाठी खडकातले तलाव करण्याला माझा सरसकट विरोध नाही. प्रत्येक खडकावर भिंत नको, कारण ओहोटीला उघड्या पडणाऱ्या त्या खडकांवर कालवे, खेकडे, शेवाळ यांचे भरलेले जग असते आणि कालवे फोडून पोट भरणाऱ्या बायकांचा तो कामाचा फड असतो. किनारा नियमन क्षेत्राचे नियम आहेत, ते वाकवून हॉटेलाच्या मागच्या अंगणात तलाव निघाला तर ती ब्रीच कँडीचीच नवी आवृत्ती. परवानगी मागायला येणाऱ्याला अंदाजपत्रकाआधी तीन गोष्टी विचाराव्यात: पाण्यात उतरायला पैसे पडणार का, कोळीवाड्यातली आणि बौद्धवाडीतली मुले कोणत्या वेळी येणार, आणि काठावरच्या जीवरक्षकाचा पगार कोण देणार.

आणि हेच तीन प्रश्न समुद्र नसलेल्या गावालाही विचारता येतात. एखादी पडीक, पाणी टिकून असलेली बांधीव विहीर नगरपालिकेने मालकाकडून घ्यावी, गाळ उपसावा, पायऱ्या धड कराव्यात, पाण्यात दोर बांधावेत, पोहायला शिकवणारी एक बाई आणि एक बुवा पगारावर नेमावेत. काठावर फलक लावावा लागेल. त्यावर वेळा लिहिताना मुलींचे तास पहिल्या ओळीत, आणि ते संध्याकाळी शाळा सुटल्यानंतरचे. भल्या पहाटेचे नकोत.